नवगुंजराचा माणसाचा हात

(एका खेड्यांतील सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



वाचनालयाच्या चालकांनीं आम्हांला ‘लोककथांतील अद्भुत प्राणी’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां कांहीं मंडळींना हंसूं आलें. शाळामास्तरानें पिकाच्या भावाविषयीं बोलावें, मुलांच्या शिक्षणाच्या खर्चाविषयीं बोलावें. दोन डोक्यांच्या पक्ष्याविषयीं बोलून कोणाचें पोट भरणार आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर भाषणाच्या ओघांत येईलच. सध्यां एवढेंच सांगतों कीं, माणूस कसल्या प्राण्यांची कल्पना करतो आणि त्यांच्यापुढें कसा उभा राहतो, ह्यावरून तो आपल्या शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेनें पाहतो तें कळतें. शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर हा प्रश्न पोटाच्या प्रश्नाइतकाच निकडीचा आहे.

आपल्याच मुलखापासून सुरुवात करूं. आपल्यापैकीं पुष्कळजण किल्ले पाहून आले असतील. कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर, कमानीच्या दोन्ही अंगांस, एक विचित्र जनावर कोरलेलें दिसतें. अंग सिंहासारखें, कोठें पंख फुटलेले, आणि पंजाखालीं, जबड्यांत किंवा शेपटींत लहान लहान हत्ती पकडलेले. कोणी त्याला वाघ म्हणतो, कोणी सिंह म्हणतो. जाणती माणसें त्याला शरभ म्हणतात. हत्ती एवढे लहान कां कोरले? ज्याच्या पंजांत हत्ती मावतो तो केवढा बलाढ्य असेल, हें येणाऱ्या शत्रूला दरवाजांतच उमजावें म्हणून.

ह्या शरभाची कथा पुराणांत आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. हिरण्यकशिपूला मारल्यावर नरसिंहाचा क्रोध कांहीं केल्या शमेना. तेव्हां शंकरानें शरभाचें रूप घेऊन नरसिंहाला नमविलें, असें शैवांच्या पुराणांत सांगितलें आहे. विष्णूच्या भक्तांना हें कसें सोसावें? त्यांनीं पुढची कथा रचली. नरसिंहानें गंडभेरुंडाचें, म्हणजे दोन डोक्यांच्या प्रचंड पक्ष्याचें रूप घेतलें आणि शरभाला हरविलें. हा गंडभेरुंड पुढें म्हैसूरच्या राजघराण्याचें चिन्ह झाला, आणि आज कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हावर तो विराजमान आहे.

मंडळी, ह्यांत गंमत काय आहे ती ध्यानांत घ्या. अर्धा सिंह अर्धा माणूस झाला, त्याच्यावर शरभ झाला, शरभावर गंडभेरुंड झाला. प्रत्येक नवा प्राणी आधींच्या प्राण्याला पायाखालीं घालण्यासाठींच जन्माला आला. भांडण दोन पंथांच्या पंडितांचें, आणि झुंजविलीं मात्र जनावरें! शेतकऱ्याच्या गोठ्यांतील बैलांनासुद्धां इतकें कोणी झुंजवीत नाहीं.

अशा कथा ऐकल्यावर एक प्रश्न विचारण्याची संवय आपल्याला महात्मा जोतीराव फुल्यांनीं लावली. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ ह्या पुस्तकांत धोंडीबा आणि जोतीराव ह्यांचा संवाद आहे. त्यांत मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह हे अवतार एकेक घेऊन जोतीरावांनीं त्यांची झडती घेतली. माशाच्या आणि कासवाच्या रूपानें कोणी देव आला ही गोष्ट त्यांनीं मानली नाहीं. ह्या नांवांमागें बाहेरून चाल करून आलेल्या टोळ्यांचे नायक होते, आणि ज्यांना राक्षस म्हटलें ते ह्या भूमीचे रक्षक होते, असा अर्थ त्यांनीं लावला. आजचे इतिहाससंशोधक हा अर्थ जसाच्या तसा स्वीकारीत नाहींत. तरी त्यामागचा प्रश्न जुना झालेला नाहीं. ज्याला तुम्ही राक्षस म्हणतां त्याला हें नांव कोणीं दिलें? नांव देणाऱ्याचा त्यांत लाभ काय? दिवाळीच्या पाडव्याला आपल्या मायबहिणी इडापिडा टळून बळीचें राज्य यावें अशी इच्छा करतात. पोथीनें बळीला दैत्यांचा राजा म्हटलें, तरी नांगर धरणाऱ्यांनीं त्याला आपला राजा म्हणून जपलें. एकच व्यक्ति, पोथींत ती एक दिसते, शेताच्या बांधावर दुसरी दिसते.

तेव्हां मनांत असें येतें कीं, पुराणें रचण्याचा अधिकार ज्याला कोणी दिला नव्हता, अशा नांगऱ्यानेंच जर एखादा अद्भुत प्राणी रचला असता, तर तो कसा झाला असता? बंधुभगिनींनो, असा प्राणी खरोखर रचला गेलेला आहे. मात्र त्यासाठीं आपल्याला सह्याद्रि सोडून पूर्वेच्या समुद्रकांठीं, ओडिशांत जावें लागेल.

पंधराव्या शतकांत ओडिशांत गजपति कपिलेंद्रदेव राज्य करीत होता. त्याचा राज्यकाल १४३५ ते १४६७. त्या काळांत, आजच्या जगतसिंहपूर जिल्ह्यांतील झंकड गांवच्या परिसरांत, सिद्धेश्वर परिडा नांवाचा एक शेतकरी होऊन गेला. झंकडच्या सारळा देवीचा तो भक्त. म्हणून त्यानें आपल्याला सारळा दास म्हणविलें. तो नांगर धरून गात असतां देवीनें त्याचें गाणें ऐकलें आणि त्याला कवित्व दिलें, असें तिकडचे लोक सांगतात. दंतकथा बाजूला ठेवूं. निश्चित गोष्ट ही कीं, त्यानें ओडिया भाषेंत संपूर्ण महाभारत लिहिलें, आणि त्यांत आपल्याला शिकलेला पंडित न म्हणवितां शूद्रमुनि म्हणविलें. जातीनें शूद्र आणि कामानें मुनि, हे दोन शब्द शेजारीं शेजारीं बसवायला त्या काळीं केवढी छाती लागली असेल, ह्याचा विचार आपणच करावा. आज ओडिया लोक त्याला आपला आदिकवि मानतात.

सारळा दासानें संस्कृत महाभारताचें भाषांतर केलें नाहीं. लोकांच्या बोलण्यासारख्या, कमीजास्त अक्षरांच्या ओळींच्या दांडी वृत्तांत त्यानें ती कथा आपल्या लोकांसाठीं नव्यानें सांगितली. त्याचे पांडव ओडिशाच्या नद्याडोंगरांतून हिंडतात. व्यासाच्या ग्रंथांत नसलेल्या अनेक गोष्टी त्यांत आल्या, आणि त्यांपैकींच एक म्हणजे नवगुंजर.

हा नवगुंजर कसा आहे तें नीट ऐका. डोकें कोंबड्याचें. मान मोराची. पाठीवर बैलाचें वशिंड. कंबर सिंहाची. शेपूट म्हणजे जिवंत सर्प. तीन पाय तीन प्राण्यांचे : एक हत्तीचा, एक वाघाचा आणि एक हरणाचा; हरणाच्या ठिकाणीं कोणी घोड्याचाही काढतात. आणि चौथा पाय? चौथा पाय नाहींच. त्या ठिकाणीं माणसाचा हात आहे, आणि त्या हातांत कमळ आहे; कांहीं चित्रांत चक्र असतें. असे नऊ जीव मिळून एक प्राणी, म्हणून तो नवगुंजर.

आतां ह्याची यादी किल्ल्यावरच्या शरभाशीं ताडून पाहा. ह्यांत कोंबडा आहे, बैल आहे, साप आहे. म्हणजे गोठा, खुराडें आणि बांध ह्यांवर रोज दिसणारे जीव आहेत. त्यांच्या बरोबरीनें रानांतला वाघ आणि राजाच्या दाराचा हत्ती आहे. डोक्याच्या जागीं सिंह बसवितां आला असता. शेतकरी कवीनें तेथें पहांटे आरवणारा कोंबडा बसविला. आणि सर्वांत मोठा भेद असा कीं, नवगुंजराच्या पायाखालीं कोणी चिरडलेला नाहीं. शरभाच्या पंजांत जो हत्ती गुदमरतो, तोच हत्ती येथें स्वतःचा पाय देऊन साऱ्या देहाचा भार तोलतो आहे. वाघ आणि हरीण एकाच अंगाला आधार देतात. मोराच्या मानेला सापाच्या शेपटीचें भय नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. अर्जुन डोंगरावर तप करीत असतां कृष्णानें त्याची परीक्षा पाहण्यासाठीं हें रूप घेतलें. समोर असा प्राणी पाहून अर्जुन दचकला. ह्याला कोंबडा म्हणावें कीं वाघ, देव म्हणावें कीं पिशाच्च? वीराचा हात जेथें जायचा तेथेंच गेला. त्यानें धनुष्य उचललें. पण बाण सुटण्यापूर्वीं तो थांबला. असा प्राणी आपण कधीं पाहिला नाहीं हें खरें. परंतु आपण पाहिलें तेवढेंच जग, असें थोडेंच आहे? माणसाची बुद्धि आखूड आणि जग अफाट. असा विचार करतांना त्याची नजर त्या एका हातावर गेली, आणि ह्या रूपामागें कोण आहे तें त्यानें ओळखलें. धनुष्य खालीं ठेवून तो शरण गेला.

मंडळी, ह्या कथेशेजारीं महाभारताच्या शेवटाकडली एक गोष्ट ठेवा. मौसलपर्वांत जरा नांवाचा व्याध झाडींतून पाहतो. त्याला हरीण दिसल्याचा भास होतो आणि तो बाण सोडतो. तो बाण कृष्णाच्या पायांत शिरतो. एका ठिकाणीं माणसाच्या जागीं जनावर दिसलें आणि बाण सुटला. दुसऱ्या ठिकाणीं जनावरांत माणसाचा हात दिसला आणि बाण थांबला. बिचाऱ्या जराला आम्ही दोष देत नाहीं. तो पोटासाठीं शिकार करणारा माणूस, आणि जवळ जातांच चूक ओळखून तो कृष्णाच्या पायां पडला. पण बाण सोडण्याआधीं एकदां नीट पाहावें, हा धडा दोन्ही कथा मिळून पुरा होतो.

शूद्रमुनीच्या ह्या प्राण्याचें पुढें काय झालें? पोथ्यांच्या मक्तेदारांनीं त्याला हांकून दिलें काय? नाहीं. लोकांनीं त्याला इतकें आपलेंसें केलें कीं, तो पुरीच्या जगन्नाथाच्या देवळांत जाऊन बसला. त्या देवळाच्या शिखरावर जें अष्टधातूंचें नीलचक्र आहे, त्याच्या बाहेरच्या वर्तुळावर आठ नवगुंजर कोरलेले आहेत. पुरीजवळच्या रघुराजपूर गांवचे चित्रकार कापडावर पट्टचित्रें काढतात, त्यांत नवगुंजर आणि त्याच्यापुढें हात जोडून उभा असलेला अर्जुन हा आवडता विषय आहे. पुरीकडल्या गोल गंजपा पत्त्यांत नवगुंजर राजाच्या पानावर असतो आणि अर्जुन प्रधानाच्या. आपल्या सावंतवाडीची गंजिफा ज्यांनीं पाहिली असेल त्यांना हें लगेच समजेल. तिचीं पानेंही गोल, हातानें रंगविलेलीं, आणि दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचीं मिळून १२० पानें असतात. शेतकऱ्याच्या डोक्यांतून निघालेला प्राणी देवळाच्या शिखरावरही पोंचला आणि पत्ते खेळणाऱ्याच्या हातांतही आला.

आतां आपल्यांतील तरुण सुधारक उठून विचारतील, “मास्तर, असला प्राणी जगांत आहे काय? नाहीं ना? मग खोट्या गोष्टी मुलांना कशाला सांगतां?” त्यांची शंका आम्हांला आवडते. उत्तर स्पष्ट आहे : नवगुंजर जगांत नाहीं, कधींही नव्हता. आम्ही मुलांना तसें पहिल्याच वाक्यांत सांगतों. पण अर्जुनाचा विचार मात्र शास्त्रालाही उपयोगी पडणारा आहे. १७९९ सालीं जॉर्ज शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञापुढें ऑस्ट्रेलियाहून आलेलें एक वाळलेलें कातडें होतें. अंगावर केस, पण तोंडाला बदकाची चोंच, आणि बोटांमध्यें पडदे! कोणीतरी लबाडानें दोन प्राणी एकत्र शिवले असावेत, असा संशय त्याला आला. त्यानें ती वस्तु फेकून दिली नाहीं. संशय नोंदविला, बारकाईनें पाहिलें आणि वर्णन छापलें. तो प्राणी म्हणजे प्लॅटिपस, आणि तो खरा निघाला. केसाळ, पिलांना दूध पाजणारा हा प्राणी अंडीं घालतो असें तेथील मूळ रहिवासी सांगत होते. ‘रानटी’ लोकांचें कोण ऐकतो? विलायतेच्या पंडितांचा वाद तसाच चालला, आणि अखेर १८८४ सालीं कॉल्डवेल नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याचीं अंडीं शोधून काढलीं, तेव्हां रानांतल्या माणसाचें बोलणें खरें ठरलें. नवें कांहीं दिसलें तर आधीं नीट पाहावें, आणि ज्याच्या अंगणांत तें राहतें त्याला विचारावें, हा शास्त्राचा धडा आहे.

येथवर आम्ही कल्पनेची चांगली बाजू सांगितली. दुसरी बाजू सांगितल्यावांचून खालीं बसणें हा लबाडपणा होईल. ज्या ओडिशानें नवगुंजराला देवळाच्या शिखरावर बसविलें, त्याच ओडिशाला २०१३ सालीं डाकीण ठरवून बायकांचा छळ करणाऱ्यांविरुद्ध कायदा करावा लागला. आपण नाक मुरडण्याचें कारण नाहीं. त्याच २०१३ सालीं, २० ऑगस्टला, डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यांत खून झाला. त्यानंतर कांहीं दिवसांतच आपल्या सरकारनें वटहुकूम काढला, आणि वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खस्ता खाल्ल्या तो कायदा पाहायला ते उरले नाहींत. कायदे लागले ह्याचा अर्थ काय? गोष्टींतल्या राक्षसाला आपण हंसतों, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंत तोच राक्षस खरा मानून तिच्यावर धोंडे उचलतों.

आम्ही पूर्वीं एका गांवीं नोकरीस होतों, तेथली हकीकत सांगतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. पावसाळ्यांत तापाची सांथ आली आणि दोन मुलें दगावलीं. एका देवऋषीनें एका विधवा आजीकडे बोट दाखविलें. तिचा एक डोळा अधू, पाठीला बांक, आणि नवऱ्यामागें राहिलेली दोन एकर जमीन तिच्या नांवावर. ही शेवटची गोष्ट विसरूं नका. जिच्या नांवावर जमीन नाहीं तिच्या अंगीं चेटूक क्वचितच सांपडतें! त्या दिवसापासून तिला कोणी विहिरीवर येऊं देईना. तिचा नातू आमच्या चौथींत होता. त्याच्या शेजारीं मुलें बसेनात.

आम्हीं फळ्यावर नवगुंजर काढला आणि मुलांना विचारलें, “हा कोण?” कोणी म्हणालें भूत, कोणी म्हणालें राक्षस. आम्ही म्हणालों, “नीट पाहा. ह्यांत तुमच्यासारखें कांहीं आहे काय?” बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं मागच्या बांकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, त्याचा हात आपल्यासारखा आहे.” मग आम्हीं गोष्ट सांगितली. ती संपल्यावर तीच मुलगी पाटी उचलून त्या नातवाशेजारीं जाऊन बसली. आरोग्यसेविकाबाईंनीं घरोघर जाऊन तापाचें कारण सांगितलें आणि सांठलेलीं पाण्याचीं डबकीं दाखविलीं. पोलीसपाटलांनीं देवऋषीला कायद्याची जाणीव दिली. आणि महिनाभरानें आजी विहिरीवर येऊं लागली. सारें गोड झालें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. आमची बदली झाली तोंवर त्या गांवांत तिला हळदीकुंकवाला, बारशाला कोणीं बोलाविलें नव्हतें. विधवा म्हणून आधींच बोलावीत नसत, त्यांत ही भर पडली. भीति जाते, पण तिची संवय मागें उरते.

म्हणून आम्ही आपल्यापुढें तीन मागण्या ठेवतों.

पहिली मागणी वाचनालयाच्या चालकांना. आपल्या कपाटांत पुराणें पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारीं ‘गुलामगिरी’ ठेवा, आणि गांवांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी लिहून घेण्यासाठीं एक कोरी वही ठेवा. धनगरवाड्यावर, कातकऱ्यांच्या वस्तींत, जात्यावर दळलेल्या बायकांच्या आठवणींत जे प्राणी आहेत, ते अजून कोणत्याही पोथींत आलेले नाहींत. सारळा दास नांगर सोडून लिहायला बसला म्हणून नवगुंजर उरला. आपल्याकडचे किती नवगुंजर सांगणाऱ्याबरोबर सरणावर गेले असतील, ह्याचा हिशेब कोणीं ठेवला आहे?

दुसरी मागणी आईबापांना. मुलाला झोपविण्यासाठीं बागुलबुवाची भीति घालूं नका. गोष्ट खुशाल सांगा, वाघाची सांगा, राक्षसाची सांगा, पण शेवटीं “हा खरा कीं खोटा?” हें त्यालाच विचारा, आणि त्यानें उलट प्रश्न केला तर रागावूं नका.

तिसरी मागणी आपणां सर्वांना. उद्यां कोणी येऊन म्हणेल, अमकी बाई चेटकीण आहे, अमक्या वस्तीचे लोक माणसांत मोडत नाहींत. त्या वेळीं धनुष्य उचलण्याचा मोह होईल. अर्जुनालाही झाला होता. तेव्हां दोन प्रश्न विचारा. हें नांव देणाऱ्याचा लाभ काय? आणि ज्याला हें नांव दिलें, त्याचा हात माझ्यासारखा आहे कीं नाहीं? दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत हात खालीं ठेवा, आणि शेजारच्याचाही हात खालीं धरा.

सभा संपल्यावर ज्यांना नवगुंजराचें चित्र पाहावयाचें असेल त्यांनीं शाळेच्या पडवींत यावें. मुलांनीं काढलेलीं चित्रें तेथें टांगलीं आहेत.